खाडा

१ जानेवारी २०१९ ला म्युनिकहून सकाळच्या गाडीने मी बाबांना गार्मिश-पार्टेनकिर्खेनला घेऊन गेले. नववर्षाच्या पहिल्या दिवशी तिथे स्की जंपिंगची मोठी स्पर्धा होते. बाबा पहिल्यांदाच युरोपात आले होते, बर्फही पहिल्यांदाच बघत होते. माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट अंगात, आईने विणलेली कानटोपी डोक्याला, आणि दोन्ही हात खिशात घट्ट.

उंच मनोऱ्यावरून माणूस बर्फाच्या पन्हळीतून सुसाट खाली येतो, कडेला पोचताच स्वतःला पुढे झोकून देतो आणि मग नाक जवळजवळ स्कीच्या टोकांना टेकवून हवेवर आडवा पडून राहतो. सव्वाशे-एकशेतीस मीटर. खालच्या गर्दीचा श्वास तेवढा वेळ अडकलेला असतो. बाबांनी अशा सात-आठ उड्या काही न बोलता बघितल्या. मला वाटलं, आता विचारतील, भीती कशी वाटत नाही, पडला तर काय होतं, वगैरे. त्यांनी विचारलं, "काय गं, याला पगार कोण देतं?"

हा प्रश्न बाबांनाच पडू शकतो. ते आयुष्यभर कबड्डी खेळले. डावा कोपरा.

मी मोबाइलवर शोधून सांगायला लागले. त्या दिवशी पहिला आला र्‍योयू कोबायाशी. त्सुचिया होम नावाची साप्पोरोची एक घरं बांधणारी कंपनी आहे, तिच्या संघाचा तो खेळाडू. दुसरा मार्कुस आयसेनबिख्लर, जर्मनीच्या केंद्रीय पोलीस दलातला. दोघांमध्ये १.९ गुणांचा फरक. बाबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आमच्या व्यावसायिक गटासारखंच की! एक कंपनीचा, एक पोलिसांचा."

ज्यांनी मुंबईतल्या कबड्डीचे सामने मैदानाच्या दोरीला टेकून पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बँका, कारखाने, रेल्वे, पोलीस यांचे संघ ज्या गटात खेळतात तो व्यावसायिक गट. आणि देशभरातली कबड्डी ज्या संघटनेखाली चालत आली तिचं नाव मात्र भारतीय हौशी कबड्डी महासंघ. संघटना हौशी, गट व्यावसायिक, आणि खेळणारी माणसं तीच. लहानपणी मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं. जर्मनीत आल्यावर हिवाळी ऑलिंपिकचा इतिहास वाचायला लागले आणि कळलं, या दोन शब्दांवरून तिथे माणसांची आयुष्यं उसवली आहेत.

आधी बाबांचं सांगते. १९७२ साली ते लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी कार्ड घेऊन उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नसेल तर काम मिळणार, नाहीतर घरी. सामन्यासाठी चार दिवस पुण्याला, साताऱ्याला गेलं की चार दिवस खाडा. घरात सात माणसं. आजी खाड्याचा हिशेब भिंतीवर कोळशाने मांडायची, तिला लिहिता येत नसे म्हणून नुसत्या रेघा. एकदा जिल्हा निवड चाचणी आणि आजोबांचं आजारपण एकाच आठवड्यात आलं. बाबा चाचणीला गेले नाहीत. त्या वर्षीची राज्य स्पर्धा हुकली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, आणि सांगताना ते चहा ढवळत होते, तो कधीच विरघळून गेलेल्या साखरेसाठी ढवळत राहिले.

१९७५ मध्ये एका कंपनीने त्यांना कबड्डीसाठी घेतलं. स्टोअरमध्ये कारकून. सकाळी सही, दुपारी दोनला सुटका, मग मैदान. सामन्याला गेलं तरी पगार चालू. आजीने त्या दिवशी भिंतीवर चुना फिरवला.

आता गार्मिशकडे येते, कारण ही गोष्ट त्याच गावात सुरू होते. १९३६ चं हिवाळी ऑलिंपिक इथे झालं. डोंगरावरून खाली येण्याच्या शर्यती, म्हणजे अल्पाइन स्कीइंग, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आल्या त्या इथेच. आणि पहिल्याच वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवलं की स्की शिकवणारे प्रशिक्षक भाग घेऊ शकणार नाहीत, कारण ते खेळातून पैसे मिळवतात. आल्प्सच्या खेड्यांत त्या काळी चांगला स्कीपटू दुसरं काय करणार? उन्हाळ्यात गुरं आणि गवत, हिवाळ्यात शहरी पाहुण्यांना स्की शिकवणं. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या पुरुष स्कीपटूंनी त्या शर्यतींवर बहिष्कार टाकला. टिरोलमधल्या सेफेल्डचा टोनी झेलोस तेव्हा स्लॅलममधला, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी खाली येण्याच्या शर्यतीतला, सर्वांत तरबेज माणूस मानला जायचा. तो प्रशिक्षक, म्हणून बाद. पण शर्यतीआधी मार्ग पारखायला एकाला पुढे सोडतात, त्या कामाला त्यालाच बोलावलं. तो खाली आला, आणि त्याची वेळ नंतर सुवर्णपदक मिळवणाऱ्यापेक्षा काही सेकंदांनी कमी होती. पदक नाही, नाव नाही. ज्या वाटेवर तो सगळ्यांत वेगाने आला त्या वाटेवर तो नियमाप्रमाणे आलाच नव्हता.

हा नियम मुळात बर्फातला नव्हेच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये, थेम्स नदीवरच्या हेन्लीच्या नौका शर्यतींत हौशी खेळाडूची जी व्याख्या केली गेली तिच्यात कारागीर, यंत्रकामगार आणि मजुरी करणारा माणूस हौशी ठरूच शकत नव्हता. खेळाचे पैसे घेतले नसले तरी! हाताने राबून पोट भरतो एवढंच पुरेसं होतं. पुढे व्याख्या सौम्य झाल्या, पण तळाशी तीच समजूत राहिली, की खऱ्या खेळाडूला पैशांची गरज नसते. म्हणजे ज्याच्याकडे ते आधीच आहेत तो खरा. खेळायला गेल्यामुळे बुडालेली मजुरी खेळाडूला भरून द्यावी, अशी मागणी विसाव्या शतकात पुन्हा पुन्हा झाली आणि ऑलिंपिकवाल्यांनी ती पुन्हा पुन्हा फेटाळली. बाबांच्या भाषेत, खाडा भरून द्यायला नकार.

मराठीत हौशी हा शब्द किती प्रेमळ आहे. हौशी रंगभूमी म्हटलं की कचेरी सुटल्यावर तालमीला धावणारी, पदरचे पैसे घालून नेपथ्य रंगवणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. ते मोठ्या मनाने म्हटलेलं असतं. पण तेच वाक्य एखाद्या समितीच्या अध्यक्षाने बदली कामगाराला सुनावलं तर?

असा अध्यक्ष होता. एव्हरी ब्रंडेज. शिकागोचा बांधकाम व्यावसायिक, कोट्यधीश, स्वतः १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेला, १९५२ पासून वीस वर्षं ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष. त्याची तळमळ खोटी होती असं मला वाटत नाही. खेळ बाजारात उभा राहिला की खेळाडूचं अंग जाहिरातीची भिंत होईल, ही त्याची भीती होती, आणि आज शर्यत संपल्या संपल्या स्कीपटू जेव्हा स्की काढून तिच्यावरचं नाव कॅमेऱ्यापुढे धरतात तेव्हा मला त्याची आठवण येते. १९६८ ला ग्रनोब्लमध्ये त्याने स्कीवरची कंपन्यांची नावंच काढायला लावायचा प्रयत्न केला होता. शेवटी तडजोड झाली ती अशी, की छायाचित्रं काढण्याआधी खेळाडूंच्या हातून स्की काढून घ्यायच्या. अल्पाइन शर्यतींची पदकं द्यायला तो स्वतः गेलाच नाही.

पण त्याने कधी फाटकाशी कार्ड घेऊन उभं राहून पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याची तळमळ ज्या माणसावर जाऊन आदळली तो होता कार्ल श्रान्झ.

म्युनिकहून इन्सब्रुकमार्गे झुरिककडे जाताना आर्लबर्गच्या डोंगरात सांक्ट आंटोन नावाचं स्टेशन लागतं. श्रान्झ तिथला. जन्म १९३८, बाप रेल्वेत मजूर. क्नाइस्ल या ऑस्ट्रियन कंपनीच्या स्कीवर तो वर्षानुवर्षं शर्यती खेळला आणि त्यावरच त्याचं घर उभं राहिलं. तीनदा विश्वविजेता, १९६९ आणि १९७० ला विश्वचषक. फक्त ऑलिंपिकचं सुवर्ण त्याला हुलकावणी देत होतं. १९६४ ला इन्सब्रुकमध्ये रौप्य. १९६८ ला ग्रनोब्लच्या धुक्यात स्लॅलमच्या वाटेत कोणीतरी आडवं आल्याचं सांगून त्याने दुसरी संधी मागितली, ती मिळाली, त्यात तो सगळ्यांपुढे गेला, आणि काही तासांनी पंचांनी ती फेरी रद्द केली. १९७२ ला साप्पोरोत तो तेहतीस वर्षांचा होता. शेवटची संधी.

ब्रंडेजकडे तेव्हा पैसे घेणाऱ्या चाळीसेक स्कीपटूंची यादी होती. बाहेर काढलं एकट्या श्रान्झला. एका फुटबॉल सामन्यात त्याने कॉफीच्या जाहिरातीचा सदरा घातला होता, त्याचं छायाचित्र पुरावा म्हणून पुढे आलं. उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना समितीने २८ विरुद्ध १४ मतांनी त्याला बाद केलं. बाकीचा ऑस्ट्रियन संघ त्याच्यासाठी माघार घ्यायला निघाला होता; त्यांनी राहावं, असं त्यानेच सांगितलं आणि तो एकटा परतला. व्हिएन्नाच्या रस्त्यांवर लाखभर माणसं त्याच्या स्वागताला उभी होती. चॅन्सेलर ब्रुनो क्रायस्की यांनी त्याला आपल्या कचेरीच्या सज्जात नेलं आणि खालून लोक त्याच्या नावाने ओरडत राहिले. तो पुन्हा शर्यत खेळला नाही.

आणि साप्पोरोत काय झालं? ६ फेब्रुवारी १९७२ ला सत्तर मीटरच्या स्की जंपिंगमध्ये जपानने तिन्ही पदकं घेतली. सुवर्ण युकिओ कासाया, नोकरी निक्का या व्हिस्कीच्या कंपनीत. रौप्य अकित्सुगु कोन्नो, होक्काइदोच्या ताकुशोकु बँकेतला. कांस्य सेइजी आओची, दूधदुभत्याच्या यूकिजिरुशी कंपनीतला. एक व्हिस्कीवाला, एक बँकवाला, एक दूधवाला. तिघंही नियमाप्रमाणे हौशी, कारण कागदावर त्यांचा पगार कामाचा होता, खेळाचा नव्हता. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. जपानी खेळाडूंबद्दल माझ्या मनात किंतु नाही. ते माझ्या बाबांसारखेच होते, सकाळी सही करून दुपारी मैदानावर जाणारे. पण मग श्रान्झचं काय चुकलं? कॉफीच्या सदऱ्याऐवजी त्याने कॉफीच्या कंपनीत कारकुनी केली असती तर चाललं असतं?

रशियनांनी हे तर सरळ लष्करात बसवलं होतं. मॉस्कोचा सेस्का हा सैन्याचा क्लब, आइस हॉकीचे बहुतेक दिग्गज तिथले, हुद्द्याने सैनिक. कॅनडाचे सर्वोत्तम खेळाडू पगारी लीगमध्ये, म्हणून त्यांना मनाई. कंटाळून कॅनडाने १९७२ आणि १९७६ च्या ऑलिंपिकला आपला हॉकी संघच पाठवला नाही. पण त्या सैनिकी हौशीपणाची किंमत व्याचेस्लाव फेटिसोवसारख्याने सांगितली आहे. वर्षातले दहा-अकरा महिने छावणीत सराव, घर नावालाच. दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवूनही अमेरिकेत खेळायला जाण्यासाठी त्याला उघड भांडावं लागलं, तेव्हा कुठे १९८९ ला तो सुटला. पगार कोण देतं याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, देणारा बदल्यात काय काय मागतो.

बाबांच्या कंपनीने फार मागितलं नाही. गुडघा गेल्यावर मात्र तिथल्या एका साहेबाने त्यांना सहज विचारलं होतं, आता तुमचा उपयोग काय? तो प्रश्न त्यांच्या मनात किती वर्षं राहिला ते आईला ठाऊक. त्यांनी स्टोअरचं काम शिकून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत केलं. कबड्डी संघ नव्वदच्या दशकात बंद झाला. कोन्नोची ती ताकुशोकु बँकही १९९७ ला बुडाली. कंपनीच्या आधाराने वाढलेल्या खेळाच्या डोक्यावर ही टांगती तलवार असतेच.

ऑलिंपिकच्या सनदेतून हौशी हा शब्द ब्रंडेजनंतर, सत्तरच्या दशकात गेला. १९८६ ला कोणाला खेळू द्यायचं ते त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर सोडलं. १९९८ ला नागानोत अमेरिकेतल्या पगारी लीगचे हॉकीपटू पहिल्यांदा उतरले. दार उघडलं. पण मध्येच, १९८८ च्या कॅलगरीत, एक माणूस येऊन गेला त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मायकल एडवर्ड्स, जग त्याला एडी द ईगल म्हणतं. इंग्लंडमधला गिलावा करणारा गवंडी. पाठीशी ना कंपनी ना सैन्य. उसने बूट मोठे पडायचे म्हणून आत मोज्यांवर मोजे चढवायचा, जाड भिंगांच्या चष्म्यावर वाफ धरायची, स्वस्तात राहायला मिळालं म्हणून फिनलंडमध्ये मनोरुग्णालयाच्या इमारतीत मुक्काम. स्की जंपिंगच्या दोन्ही स्पर्धांत तो शेवटचा आला आणि सगळ्यांचा लाडका झाला. हेन्लीच्या जुन्या नियमाने हाच गवंडी हौशी ठरला नसता, कारण तो हाताने राबत होता. शंभर वर्षांनी तोच जगातला सर्वांत हौशी खेळाडू म्हणून गाजला. आणि त्यानंतर लगेच पात्रतेचे निकष इतके कडक केले, की त्याच्यासारख्याला पुन्हा येता येऊ नये. त्याला पुढची ऑलिंपिकं गाठता आली नाहीत. आधी गरीब म्हणून दार बंद, मग मागे पडतो म्हणून. मला या दोन दारांत फार फरक दिसत नाही. वेगवान व्हायला जे लागतं ते विकतच घ्यावं लागतं.

आपल्या शिवा केशवनने ते विकत न घेता मिळवायचा प्रयत्न केला. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा मुलगा, सोळाव्या वर्षी नागानोला ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरला आणि २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिकं खेळला. देशात ल्यूजचा ट्रॅक नाही, म्हणून घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर सराव. समोरून ट्रक, मध्येच मेंढ्यांचे कळप. पैसे लोकांकडून गोळा केलेले. २०१४ ला सोचीत तो उतरला तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, त्याला तिरंगासुद्धा मिळाला नाही. २०१४ चा नदीम इक्बाल आणि २०१८ चा जगदीश सिंग, दोघंही क्रॉस-कंट्री स्कीवाले, ते सैन्यातले. म्हणजे आपल्याकडेही तेच. वर्दी असेल तर खाडा भरला जातो. शिवाचे सगळे खाडे त्याचे त्यालाच भरावे लागले.

गार्मिशला त्या दिवशी स्पर्धा संपल्यावर आम्ही गावात चालत गेलो. बाबांना गुडघ्यामुळे सावकाश जावं लागत होतं. एका दुकानाच्या काचेवर लाउरा डालमायरचं मोठं छायाचित्र होतं. गावचीच मुलगी. आदल्या वर्षी प्याँगचांगला बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीवर धावत मध्ये मध्ये बंदुकीने नेम धरायच्या खेळात, दोन सुवर्णं. बाबांचा प्रश्न मला आता पाठ होता, म्हणून त्यांनी विचारण्याआधीच मी सांगितलं, "कस्टम्स." ते हसले.

पुढे चारच महिन्यांनी, पंचविसाव्या वर्षी, तिने स्पर्धा सोडल्या. शिखरं चढायला लागली, पर्वतारोहणाची मार्गदर्शक झाली, डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या स्वयंसेवकांत तर ती होतीच. २८ जुलै २०२५ ला काराकोरममधल्या लैला शिखरावर दरड कोसळून ती गेली. एकतीस वर्षांची. आपण वर मेलो तर आपला देह खाली आणायला कोणी जीव धोक्यात घालू नये, असं तिने आधीच लिहून ठेवलं होतं. बातमी आली त्या दिवशी मी कामात काही करू शकले नाही. पगारावर ती धावली, नेम धरले, पदकं मिळवली, आणि जिथे पदकच नसतं अशा ठिकाणी तिला जायचं होतं. ती नोकरीत असताना हौशी नव्हती असं कोण म्हणेल?

बाबा निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी सहाला आमच्या घरामागच्या मैदानावर पोरांना पकडी शिकवतात. वाकता येत नाही म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, काठीने पोरांच्या पावलांची जागा दाखवत. त्याचे पैसे ते घेत नाहीत, आणि आपण पैसे घेत नाही याचा उल्लेखही करत नाहीत. त्यांच्यातली दोन पोरं दूध टाकून शाळेत जातात. त्यांच्यासाठी ते कुठल्याशा बँकेच्या संघात शब्द टाकत फिरतात. "खेळ आहे त्यांच्यात," म्हणतात, "फक्त सकाळ मोकळी पाहिजे."

६ फेब्रुवारी २०२२ ला बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये कोबायाशीने सुवर्ण जिंकलं. कासायाच्या सुवर्णाला त्याच दिवशी पन्नास वर्षं झाली होती. मी बाबांना फोन करायला घेतला आणि थांबले. त्या दिवशी सकाळीच लता मंगेशकर गेल्या होत्या, घरी टीव्हीवर शिवाजी पार्क असणार, आई रडत असणार. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"काय गं, तो आपला कंपनीवाला जिंकला म्हणे."

"हो बाबा."

"घरं बांधणारी कंपनी ना ती? मग आता त्याला परमनंट करतील ना?"

मी म्हटलं, तो परमनंटच आहे बाबा.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून मोठ्याने तेच सांगायला लागले.